अंगणातली तीन माणसं

फुआतिनोच्या घरात माणूस मेलं तरी घर सोडून जात नसे. सामोआतल्या फागाउली गावातल्या कुठल्याच घरातून जात नसे म्हणा. ज्यांनी जमीन कसली, भांडून राखली, त्यांना मेल्यावर गावाबाहेर नेऊन टाकायचं, हे या बेटावर कुणाला सुचलेलंच नाही. दारासमोर, रस्त्याकडे तोंड करून सिमेंटचा पांढरा ओटा बांधायचा आणि त्यात आपलं माणूस ठेवायचं. मग त्या ओट्यावर पोरं बसून आंबे खाणार, बाया कपडे वाळत घालणार, म्हातारे दुपारचे आडवे होणार. मेलेल्यांना त्याचं काही वाटत नाही. विसरू नका, एवढंच त्यांचं मागणं असतं, आणि ज्याच्यावर रोज लुंगी वाळत घालायची त्याला कोण विसरेल?

फुआतिनोच्या अंगणात असे तीन ओटे होते. बापाचा, आईचा, आणि दोघांच्या मध्ये एक बुटका, कडेनं शिंपले बसवलेला. तो पेनिनाचा. पेनिना तिची लेक, एकुलती एक. ज्या वर्षी गोवराची साथ आली आणि लस राहिलेल्या घरांच्या दारोदार लाल फडकी लागली, त्या वर्षी गेली. सहा वर्षांची होती. फुआतिनोचा नवरा त्याआधीच न्यूझीलंडला फळं तोडायच्या कामावर गेला होता, तो तिकडचाच झाला. पोरीच्या मातीलासुद्धा आला नाही. सगळं केलं ते धाकट्या भावानं, सोलोमोनानं. तापानं फणफणलेल्या भाचीला मांडीवर घेऊन इस्पितळाच्या व्हरांड्यात तोच बसून होता. ओटा त्यानंच बांधला, शिंपले त्यानंच समुद्रावरून वेचून आणले. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही त्याला पहिल्यापासून हरामखोर ठरवाल. तो तसा नव्हता. तसा असता तर फुआतिनो फसली नसती.

त्यांच्या घरामागे, नारळीच्या बागेपलीकडे, जमीन एकदम खचून मोठा खोल खड्डा झालाय. चारी बाजूंनी काळा खडक, वरून वेली लोंबतायत आणि तळाशी हिरवंनिळं पाणी. समुद्र आत कुठून शिरतो ते दिसत नाही, पण भरती-ओहोटी त्या पाण्यालाही कळते. वाइमोआना त्याचं नाव. गावाला त्याचं कौतुक एवढंच की पोरं तिथे उड्या मारतात, आणि रविवारी मारल्या तर फटके खातात.

बापामागे घराण्याची पदवी, म्हणजे प्रमुखाचा मान, सोलोमोनाकडे आली. पदवीबरोबर जमिनीचा कारभार आला आणि गावसभेत खांबाला टेकून बसायची जागा आली. बोलायला तो बापासारखाच गोड. त्यामुळे राजधानीतल्या, आपियातल्या, एका प्रवासी कंपनीनं ‘सामोआत आलात तर पाहायलाच हवीत अशी दहा ठिकाणं’ असं पुस्तक काढायचं ठरवलं, तेव्हा त्यानं निरोपावर निरोप धाडून त्यांच्याकडे कामाला असलेली पोरगी फागाउलीत आणवली.

तिचं नाव टिफनी. रक्तानं सामोअन, जन्मानं ऑकलंडची. इथली भाषा बोलायची, पण जिभेवर खडे ठेवल्यासारखी. सोलोमोनानं तिला खड्ड्यात उतरवलं, पोहवलं, नारळाचं पाणी पाजलं. वर आली ती वेड लागल्यासारखी.

"पाणी काय भारी आहे हो! आम्ही पाचशे फोटो काढले तरी कमीच." मग ती अंगणात उभी राहून इकडेतिकडे बघायला लागली. "पण एक सांगू? राग मानू नका. बस इथे थांबणार, माणसं उतरणार, आणि पहिलं काय दिसणार? थडगी. त्यावर कुणाची तरी चड्डी वाळतेय."

"माझीच आहे," सोलोमोना म्हणाला.

टिफनी हसली. फुआतिनो बापाच्या ओट्याला पाठ टेकून कोकोच्या भाजक्या बिया कुटत होती, ती हसली नाही.

"का गं, तुझ्या पाहुण्यांकडे माणसं मरत नाहीत वाटतं?"

"मरतात हो मावशी. पण ते सुट्टीवर येतात. सुट्टीत कशाला मेलेली माणसं बघायची?"

"मग नको बघू म्हणावं. यांनी कुठं बोलावलंय त्यांना!"

"आणि दुसरं म्हणजे," टिफनी सोलोमोनाकडे वळली, "बस वळणार कुठे? एवढी मोठी बस. हे अंगण मोकळं असतं ना, तर प्रश्नच नव्हता."

ती गेल्यावर सोलोमोना बराच वेळ अंगणात पावलं टाकत होता. इकडून तिकडे, तिकडून इकडे. फुआतिनो कुटणं थांबवून ते पाहत होती.

आता इथली एक रीत समजून घ्या. आपण म्हणतो ना डोळ्यातली बाहुली, तसंच हे लोक म्हणतात, आणि ते फक्त बहिणीसाठी. बहीण भावाच्या डोळ्यातली बाहुली. भाऊ कितीही मोठ्या पदवीचा धनी असो, बहीण वर बसणार, तो खाली. तिच्या मनाविरुद्ध घराण्यातला दगडही हलवायचा नाही. हलवला आणि तिनं शाप दिला, तर तो पोराबाळांना लागतो. हे सगळे मानतात. पाद्रीही मानतो, फक्त प्रवचनात म्हणत नाही.

दुसऱ्या दिवशी सोलोमोना आजीच्या हातची बारीक विणीची चटई घेऊन आला. ती चटई लग्नाला नाहीतर मयताला निघते. ती त्यानं फुआतिनोपुढे ठेवली आणि स्वतः खाली, खडीवर, मांडी घालून बसला.

"ताई," तो म्हणाला.

एरवी तो तिला फुआ म्हणे. ताई म्हटलं की समजायचं, काहीतरी हवंय.

"चटई उचल," ती म्हणाली. "नाही म्हणजे नाही."

"अजून मी तोंडही उघडलं नाही."

"तुझे पाय काल अंगणभर बोलत होते."

तो थोडा हसला. आणि मग जे बोलला ते तिला तोडता येईना. "ताई, पोरं मोठी झाली. उद्या त्यांनी काय करायचं? फळं तोडायला जायचं? तुझा नवरा गेला तसं? जाणारा परत येतो का, तूच सांग. इथेच चार बस थांबायला लागल्या तर पोरं राहतील. मेरिपा नारळ विकेल, पोरगे पाण्यावर लक्ष ठेवतील. घर भरलेलं राहील, ताई. नाहीतर शेवटी आपण दोघं आणि हे तीन ओटे."

फुआतिनो मेरिपाकडे बघत राहिली. सोलोमोनाची बायको चुलीमागे उभी राहून ऐकत होती.

"मी कुठे दूर नेतोय?" सोलोमोना म्हणाला. "चर्चच्या आवारात. चार ढांगांवर तर आहे. पेनिनाच्या एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला बाबा, इथल्यासारखेच. आणि तिथे आठवड्यातून दोनदा गाण्याचा सराव असतो. गाणं सुरू झालं की ती कशी धावत सुटायची, आठवतंय ना? आता बसल्या जागी ऐकेल."

हे शेवटचं तो बोलला नसता तर बरं झालं असतं. आईबापासाठी फुआतिनो नाही म्हणू शकत होती. पोरीला गाणं ऐकू येईल म्हटल्यावर तिचा धीर सुटला. रडता रडता तिनं चटईवर हात ठेवला.

"ने," ती म्हणाली.

पाद्रीनं प्रार्थना केली आणि खणणाऱ्यांनी ओटे फोडले. आईबापाची हाडं बायकांनी खोबरेल तेलानं पुसली, झाडाच्या सालीच्या जुन्या कापडात गुंडाळली. पेनिनाला फुआतिनोनं कुणाला हात लावू दिला नाही. सगळं तिनं एकटीनं केलं. झालं तेव्हा एवढंसं गाठोडं हातात राहिलं. बाजारातून अळूचे कंद आणतो ना, तेही याच्याहून जड असतं.

कुंपणापलीकडे असुएलू विडी ओढत उभा होता. असुएलू म्हणजे शेजारच्या घराण्याचा म्हातारा. खड्ड्याच्या दुसऱ्या अंगाला त्याचं घर. वाइमोआना कुणाचं, यावरून दोन्ही घराण्यांच्या आज्यांपासून भांडण होतं. हल्ली ते नीरफणस कुणाच्या बाजूला पडला एवढ्यावर आलं होतं.

"काय रे सोलोमोना," त्यानं हाक मारली, "बिऱ्हाड हलवतोस वाटतं?"

"बिऱ्हाड कसलं काका! म्हाताऱ्या माणसांना देवाजवळ नेतोय."

"ने बाबा, ने. माझी आपली इथंच बरी. त्यांना देव लांबूनच सोसतो."

सगळे हसले. खणणाऱ्यांसाठी असुएलूनं भाजलेल्या नीरफणसांची टोपली पाठवली आणि शेवटचं गाठोडं फाटकाबाहेर जाईपर्यंत तो जागचा हलला नाही. हा माणूस कुणाला फुकट काटकी देणारा नव्हे. पण त्या दिवशी ते कुणाच्या डोक्यात आलं नाही. फुकटचं खाताना डोकं चालतं कुणाचं?

पुस्तकात वाइमोआना सातव्या नंबरावर आलं. सहाव्यावर ती जागा होती जिथे लाट खडकातल्या भोकातून आभाळात उडते आणि लोक त्यात नारळ टाकून टाळ्या पिटतात. आठव्यावर कुणाचा तरी धबधबा. सोलोमोनानं ते पान चर्चमध्येसुद्धा फिरवलं. आणि मग खरोखरच बस यायला लागल्या. पालांगी, म्हणजे गोरे पाहुणे, उतरायचे, पाय खडीवर जपून टाकत मागे जायचे, ओले होऊन परत यायचे. मेरिपाच्या हाताला उसंत नव्हती. थोरला पोरगा न्यूझीलंडला जायचं म्हणत होता, तो शिडीपाशी शिटी घेऊन बसायला लागला आणि जायचं विसरला. घरावर नवे पत्रे आले. सोलोमोना बोलला होता ते सगळं खरं झालं. म्हणून तर फुआतिनोला कुणाकडे तक्रार करता येईना.

अंगण आता सपाट होतं, खडी दाबून बसवलेलं. दुपारी अळूची पानं घेऊन ती बसायला जायची आणि पाठ टेकायला मागे काही नसायचं. संध्याकाळी ती चर्चच्या आवारात जाई. तिथे सगळ्या कबरी एका ओळीत, शाळेतल्या पोरांसारख्या. एकदा ती अळूचे कंद तिकडेच घेऊन गेली आणि पेनिनाच्या कडेला बसून सोलू लागली. थोड्या वेळानं पाद्रीबाई आली. चांगली बाई, मायेनं बोलणारी.

"फुआतिनो, राग नको मानू. पण हे देवाचं आवार आहे. इथे स्वयंपाकाचं नको."

"सालं मी गोळा करून नेते."

"सालांचं नाही गं. तुला बघून उद्या दुसरी येईल, परवा कुणी कपडे वाळत घालेल. आणि कबरीवर बसूही नये."

"ती माझ्या मांडीवर बसायची," फुआतिनो म्हणाली.

 फुआतिनोनं कंद टोपलीत भरले आणि घरी आली. त्यानंतर ती तिथे जाई ती चांगले कपडे घालून, हात जोडून उभी राहण्यासाठी. पाहुण्यांकडे जातो तशी. गाण्याच्या सरावाच्या दिवशीही गेली. आतले लोक गात होते, ही बाहेर उभी. पोरीला ऐकू जात असेल, असं तिला एकदाही वाटलं नाही.

असुएलूनं वाट पाहिली ती बस नीट सुरू होईपर्यंत. आंबा पिकल्याशिवाय दगड मारायचा नाही, एवढं त्याला कळत होतं. मग त्यानं जमिनीच्या कोर्टात दावा लावला. वाइमोआना आणि त्याच्या पुढची सगळी जमीन माझ्या घराण्याची. सोलोमोनाचं घराणं तिथे राहत होतं हे खरं, पण त्यांनी ती सोडली. कशावरून सोडली? ज्यांची हाडं त्यांची जमीन. माझे पणजोबा माझ्या दारात आहेत, या आणि बघा. त्यांच्या दारात कोण आहे? स्वतःचे मेलेले स्वतःच्या हातानं उचलून घेऊन गेले. अख्खं गाव साक्षीला आहे. मी तर तेव्हाच विचारलं होतं, बिऱ्हाड हलवतोस का म्हणून.

ते कळलं तेव्हा सोलोमोना अंगणातच खाली बसला. इतका शहाणा माणूस, सभेत दुसऱ्यांच्या जमिनींचे तंटे मिटवणारा. आणि हीच एक गोष्ट, जी इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते, ती त्याला बस दिसल्यावर दिसली नाही.

न्यायाधीश गावात यायच्या आदल्या दिवशी, संध्याकाळच्या प्रार्थनेचा शंख फुंकायच्या जरा आधी, तो फुआतिनोकडे आला. या वेळी चटई नव्हती.

"ताई."

"बोल."

"एकच वाट आहे. घराण्यानं हाडं हलवली असं ठरलं तर जमीन गेली. पण बहिणीनं हट्ट धरला आणि भावाला मोडता आला नाही, असं असेल तर ते जमीन सोडणं होत नाही. ते एका आईचं दुःख होतं. बहिणीपुढे भावाचं काय चालतं? तिन्ही न्यायाधीशांना बहिणी असतीलच."

फुआतिनोला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा कानात गरम शिसं ओतावं तसं झालं.

"म्हणजे मी सांगायचं की आईबापाला उकरून काढा असं मी म्हटलं?"

"तसं नाही..."

"पोरीला उकरून काढा असं मी म्हटलं?"

"ताई, जमीन गेली तर आपण सगळे रस्त्यावर. मेरिपा, पोरं, तू. आणि मग त्यांना इथे परत आणायला जागाच उरणार नाही." तो रडायला लागला होता. खरंच रडत होता. "निकाल लागू दे. लागला की मी स्वतः खणून घेऊन येतो. होते तसे, होते तिथे."

"आणि बस?"

तो थांबला. फार नाही, थुंकी गिळायला लागतो तेवढाच वेळ.

"बसचं बघू."

"बघू नाही. सांग."

"वचन देतो. आईची शपथ."

"कुठल्या आईची? उचलून नेलीस तिची?"

त्यानं मान खाली घातली. तेवढ्यात शंख वाजला. घरोघरी माणसं प्रार्थनेला बसली, ही दोघंही बसली. मेरिपानं स्तोत्र म्हणायला सुरुवात केली. फुआतिनोच्या ओठातून शब्द निघत होते आणि डोक्यात एकच हिशेब चालला होता. लेक घरी आणायची तर घर राहायला हवं, आणि घर राहायचं तर हे बोलायला हवं. दुसरं काही ती मागत नव्हती. गावानं तिला काय म्हणायचं ते म्हणू दे, पेनिना दारात आली की झालं. भाऊ थांबला होता, ते तिला दिसलं होतं. तरी तिनं ते न दिसल्यासारखं केलं. माणूस आपल्याच डोळ्यांत धूळ टाकतो तेव्हा ती झोंबत नाही.

सभागृह गच्च भरलं होतं. समोर तीन न्यायाधीश, एका बाजूला असुएलूची माणसं, दुसऱ्या बाजूला सोलोमोनाची. बायका बाहेर, पत्र्याच्या सावलीत. असुएलू आधी बोलला आणि चांगलं बोलला. मग सोलोमोना उठला. त्यानं घराण्याच्या पिढ्या म्हटल्या, बहीण-भावाच्या नात्याच्या जुन्या म्हणी म्हटल्या, आणि शेवटी आवाज खाली आणला.

"माझ्या बहिणीनं मागितलं. मी कोण नाही म्हणणारा? तुमच्यातल्या कुणी बहिणीला नाही म्हटलंय का?"

फुआतिनोला पुढे बोलावलं. बायबलवर हात ठेवला. मधला न्यायाधीश वयस्कर होता, आवाज मऊ.

"घाबरू नका. हाडं हलवायची ही गोष्ट पहिल्यांदा कुणाच्या तोंडून आली?"

"माझ्या."

बाहेर बायकांत कुजबूज झाली.

"तुमच्या भावाच्या नाही? बसगाड्यांसाठी नाही?"

"नाही. मी मागितलं. तो नको म्हणत होता."

"का मागितलंत?"

याचं उत्तर सोलोमोनानं शिकवलं नव्हतं. तिनं दाराबाहेर पाहिलं. मग तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला. "दारात मला ती बघवत नव्हती. उठल्यापासून डोळ्यांसमोर तेच. मला ती नको झाली होती."

 न्यायाधीशानं चष्मा काढून पुसला. त्याला बिचाऱ्याला ते खरं वाटलं, आणि खरं वाटावं असंच ते होतं. अशा दुःखानं खचलेल्या आया त्यानं पाहिल्या असतील.

असुएलू मात्र तिच्याकडे बघत राहिला. त्याला ठाऊक होतं. कुंपणापलीकडून वर्षानुवर्षं त्यानं तिला त्या बुटक्या ओट्यावर पोरीची वेणी घातल्यासारखा हात फिरवताना पाहिलं होतं.

"बाई, एवढं खोटं मी जमिनीसाठीसुद्धा बोललो नसतो," तो म्हणाला. न्यायाधीशानं त्याला गप्प केलं.

ती बाहेर आली तेव्हा बायकांनी वाट दिली. फार रुंद वाट दिली. तिच्याबरोबर वर्षानुवर्षं गाणाऱ्या, पेनिनाच्या मातीला रात्रभर बसलेल्या बाया. एकीनं आपल्या नातीला जवळ ओढून घेतलं. "स्वतःच्या पोरीला नको म्हणाली," कुणीतरी म्हणालं, मुद्दाम ऐकू जाईल असं. फुआतिनोनं मान खाली घातली नाही. निकाल लागला की पेनिना घरी येईल, मग बोला काय बोलायचं ते, असं ती मनात म्हणत चालली होती.

त्याच आठवड्यात निकाल आला. आईच्या दुःखापायी हाडं हलवली, म्हणजे घराण्यानं जमीन सोडली असं होत नाही. जमीन सोलोमोनाकडेच राहिली. दगडांच्या भट्टीत डुक्कर गेलं, पाद्री जेवायला आला, सोलोमोनानं तासभर भाषण केलं. फुआतिनोचं नाव त्यानं भाषणात तीनदा घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कुदळ, खोबरेलाची बाटली आणि धुतलेलं पांढरं कापड घेऊन अंगणात उभी राहिली. सोलोमोना दात घासत बाहेर आला, तिला पाहून थांबला. त्यानं चूळ भरली, तोंड पुसलं. नको तेवढा वेळ पुसलं.

"चल," ती म्हणाली. "ऊन व्हायच्या आत."

"ताई, बस इथे जरा."

"बसायला काय आहे इथे? चल."

"ताई, आता नाही आणता येणार."

"बस आड येतात?"

"बसचं नाही गं!" तो एकदम ओरडला आणि मग आवाज खाली आणला. "बस गेल्या खड्ड्यात. तू कोर्टात काय सांगितलंस? मला ती नको झाली, दारात बघवत नाही. बायबलवर हात ठेवून. त्यावर निकाल लागलाय. उद्या आपण तिला परत दारात आणली तर असुएलू काय म्हणेल? म्हणेल, बघा, खोटं बोलले, बहिणीला काही नको झालं नव्हतं. पुन्हा कोर्ट. आणि या वेळी जमीन जाणार, आणि तुला शिक्षा होणार ती वेगळीच."

फुआतिनो उभीच होती. हे सगळं इतकं सरळ होतं की आपल्याला आधी कसं दिसलं नाही, याचंच तिला नवल वाटलं.

"तुला हे त्या संध्याकाळी माहीत होतं," ती म्हणाली.

"नाही."

"थांबला होतास तू. मी विचारलं तेव्हा."

तो हळूहळू खाली बसला, खडीवर गुडघे टेकले, मान पुढे केली. बहिणीचा शाप घ्यायला भाऊ बसतो तसा. पाठ हलत होती. "दे," तो म्हणाला. "काय द्यायचा तो शाप दे मला. फक्त पोरांना नको देऊ."

मेरिपा आतून धावत आली आणि दारातच थबकली. फुआतिनो भावाच्या मानेकडे बघत होती. लहानपणी या मानेवरच्या उवा तिनं काढल्या होत्या. राग येत होता, पण तो कुठे टाकावा ते कळत नव्हतं. टाकायच्या सगळ्या जागा तिच्याच होत्या.

"शाप बहिणीचा लागतो, सोलोमोना," ती म्हणाली. "माझा आता कुठला लागायला तुला?"

रस्त्यावर हॉर्न वाजला. दिवसाची पहिली बस वळणावर येऊन थांबली होती. ड्रायव्हर नवा असावा, त्याला मागे घेता येईना. त्यानं पुन्हा हॉर्न दिला. सोलोमोना तसाच बसून राहिला, थोडा वेळ. मग उठला, लुंगीच्या टोकानं डोळे पुसले आणि फाटकाकडे गेला.

"येऊ दे," तो हात हलवत ओरडू लागला. "येऊ दे, येऊ दे. डावीकडे घे. अजून भरपूर जागा आहे, येऊ दे."

फुआतिनो कापड छातीशी धरून बाजूला झाली. बस मागे मागे आली आणि तिचं मागचं चाक पेनिना होती तिथे येऊन थांबलं.